अंतराळमार्गे मक्याच्या शेतात

अमेरिकेत येणाऱ्या मराठी पाहुण्याचा कार्यक्रम त्याचे यजमान बहुधा त्याच्या आगमनापूर्वीच मुक्रर करून ठेवतात आणि त्यातून नायगाऱ्याचा धबधबा व वॉशिंग्टनची स्मारके वगळण्याची मुभा खुद्द पाहुण्यासही नसते. मेरीलंडमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने या परंपरेस फाटा देऊन, “मामा, शनिवारी तुम्हांला रॉकेट उडताना दाखवतो,” असे जाहीर केले, तेव्हा केप कॅनाव्हेरलचे अग्निलोळ माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. परंतु ऑगस्टातल्या त्या सकाळी मोटारीत माझ्या मांडीवर जी पुठ्ठ्याची पेटी ठेवण्यात आली, तिच्यात तो सारा अंतराळ कार्यक्रम, थालीपिठांच्या डब्यासह, ऐसपैस मावला होता.

चेसापीक उपसागराने या राज्याची सरळ वाटणी केली असून पूर्वेकडील वाट्यावर उतरण्यासाठी, १९५२ साली वाहतुकीस खुला झालेला सुमारे सात किलोमीटरांचा पूल ओलांडावा लागतो. पुलाच्या अलीकडे राजधानीची लगबग. पलीकडे पाहावे तो तळहाताएवढीही चढण नसलेली जमीन, तीवर मका आणि सोयाबीन, व मधूनमधून कोंबड्यांच्या लांबलचक चाळी. तेवढ्या अवधीत भाच्याच्या अकरा वर्षांच्या कन्येने मला या विद्येचा पूर्वेतिहास ऐकविला. नेब्रास्कातील नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे गृहस्थ पादत्राणांचे दुकान चालवीत आणि फावल्या वेळी दारूकामाचा नाद करीत. विमानांच्या प्रतिकृतींचा छंद असलेल्या रॉबर्ट या आपल्या भावाच्या व्याख्यानांसाठी त्यांनी १९५४ साली कागदी नळीचे आणि पॅराशूटने उतरणारे इवलेसे रॉकेट सिद्ध केले. १९५७ साली त्याचे नमुने हॅरी स्टाइन या क्षेपणास्त्रांच्या जाणकाराकडे पोहोचले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्पुतनिकने आकाशात ठाण मांडल्यामुळे अमेरिकेतील होतकरू बालके परसात बसून लोखंडी नळ्यांत नाना द्रव्ये ठासू लागली. नळी फुटे आणि बोटे जात. त्या बोटांच्या रक्षणार्थ जी आचारसंहिता झाली, तिने धातूची नळी वर्ज्य ठरविली, घरी दारू कालवणे वर्ज्य ठरविले आणि कारखान्यात तयार झालेले एकवार वापरावयाचे इंजिनच प्रमाण मानले. “आणि आजोबा, हे सगळं बुटांच्या दुकानदारानं केलं!” असा समारोप करून तिने पेटी माझ्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेतली, कारण माझ्या हाताचा भार पंखांवर पडत होता.

प्रक्षेपणाची जागा म्हणजे, हिरवळीचे गालिचे कापून विकणाऱ्या एका शेतकऱ्याचे शेत. तीन बाजूंस मका उभा. मध्ये दोरखंडाने आखलेली हद्द, हद्दीच्या आत जमिनीत रोवलेल्या पोलादी कांबांची रांग, हद्दीबाहेर घडीच्या खुर्च्या व तंबू, आणि मोक्याच्या जागी एक मेज, त्यावर ध्वनिक्षेपक, व त्यामागे रुंद काठाची टोपी घातलेले, पांढऱ्या दाढीचे सुरक्षा अधिकारी. माझ्या बाळपणीचा दिवाळीतला बाण बाटलीत उभा करून उदबत्तीने पेटविला जाई आणि शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या धोतरावर जाऊन विसावे. त्या व्यवहारात अर्ज, तपासणी व मंजुरी यांपैकी कशालाच स्थान नव्हते. इथे आधी कार्ड भरावे लागते: उडविणाराचे नाव, यानाचे नाव, इंजिनाची प्रत, वजन, आणि हे यानाचे पहिलेच उड्डाण आहे काय. या शेवटच्या रकान्यात होकार असल्यास ध्वनिक्षेपकावरून फर्मान सुटते आणि यच्चयावत मंडळी खुर्च्या सोडून, मान वर करून उभी राहते; यात नवागताविषयीचा आदर थोडा आणि स्वतःच्या मस्तकाची काळजी अधिक असते.

अधिकारी महाशयांनी आमचे यान हाती घेऊन बाल्साच्या लाकडाचे पंख एकेक करून चिमटीत हलविले, टोक उपसून पुन्हा बसविले, आणि कोणत्याही तहसील कचेरीत मी न पाहिलेल्या तत्परतेने कार्डावर सही ठोकली. टोकाखालच्या नळीत कन्येने आधी आगीस दाद न देणारा कागद चुरगळून कोंबला होता व त्यावर तालकम पावडर चोळलेले प्लॅस्टिकचे पॅराशूट निऱ्या घालून ठेवले होते. पॅराशूटच्या मधोमध तिने कात्रीने भोक पाडलेले पाहून मी हळहळलो, तेव्हा ते फार वेळ तरंगू नये म्हणूनच ही योजना, असा खुलासा मिळाला. इंजिनावर ‘सी ६-५’ अशी अक्षरे होती. ए, बी, सी या क्रमाने प्रत्येक इयत्तेत एकूण बळाची मर्यादा दुप्पट होते. सहा म्हणजे सरासरी जोर न्यूटनांत. आणि पाच म्हणजे जळण संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकले जाईपर्यंतचे सेकंद. करंगळीपेक्षा थोडे जाड अशा त्या पुठ्ठ्याच्या नळकांडीने आपली संपूर्ण कुंडली पाठीवर लिहून आणली होती.

यान कांबेवर चढले, तारांचे चिमटे लागले, सर्वांनी यथाविधि अंतर राखले, आणि पाचापासून उलटी गणती झाली. उत्कंठा वाढविण्याची ही युक्ती फ्रिट्झ लांग यांच्या १९२९ सालच्या चंद्रप्रवासाच्या मूकपटाने लोकप्रिय केली. उत्कंठा वाढली, कळ दाबली गेली, आणि काहीही घडले नाही. अशा प्रसंगी सुरक्षेची किल्ली काढून घेऊन साठ सेकंद यानाजवळ कोणीही फिरकावयाचे नाही असा दंडक असल्यामुळे, पाचपन्नास सुविद्य माणसे एका पुठ्ठ्याच्या नळीकडे निमूटपणे टक लावून उभी राहिली. मग एक चिमटा निसटल्याचे आढळले, तो पुन्हा लावण्यात आला, पुन्हा गणती झाली, ‘फुर्र’ असा आवाज निघाला आणि कांब रिकामी दिसली. इंजिन दोन सेकंदही जळत नाही. तेवढ्यात यान हजारेक फुटांच्या वाटेला लागते. मी चष्मा सावरून वर पाहतो तो केवळ धुराची एक रेघ, मग पुसटसा ‘फट्’, आणि नारिंगी ठिपका होऊन उघडलेले ते सच्छिद्र पॅराशूट, जे वाऱ्याच्या अंगाने, विलक्षण निश्चयाने, मक्याकडे निघाले होते.

या छंदाचा खरा पुरुषार्थ येथून सुरू होतो. “आजोबा, ते पाण्याचं उंच टाकं दिसतं ना, त्याच्या रोखानं सरळ चाला, बाबा दुसऱ्या टोकाकडून येतील, दोघांच्या रेघा जिथे मिळतील तिथे रॉकेट,” अशी आज्ञा झाली. भूमितीदृष्ट्या ती निर्दोष होती. मात्र ऑगस्टातला मका पुरुषभर उंच असल्याने चार पावले आत जाताच टाके अस्तंगत झाले. पानांच्या कडांनी कोपर सोलत, ओळीमागून ओळ मोजत जाताना त्या हरित अंधारात मला अनेक सद्गृहस्थ भेटले. प्रत्येक जण स्वतःचे यान शोधीत होता व प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याचे होते. मलाही एक तांबडे यान गवसले, ज्याच्या पंखावर मालकाचा दूरध्वनी क्रमांक शाईने लिहिलेला होता. घामाघूम होऊन ते मेजावर सुपूर्त करावयास गेलो, तो आमचे यान कोणा परोपकारी मुलाने आणून ठेवलेले, तिथे सावलीत पहुडले होते.

अधिकारी महाशयांनी मला पाणी देऊन धीर दिला. रॉबर्ट गॉडर्ड यांचे द्रवरूप इंधनावरचे जगातील पहिले रॉकेट १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समधील ऑबर्न येथे अडीच सेकंद उडाले, ४१ फूट चढले आणि १८४ फुटांवरच्या कोबीच्या वाफ्यात पडले, याची त्यांनी आठवण करून दिली. कोबी गुडघ्याच्या वर जात नाही, ही गॉडर्डसाहेबांची केवढी सोय होती, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले.

तात्पर्य, आकाशात पाठविण्याची विद्या या मंडळींनी स्वस्त, सुरक्षित व मुलांच्याही आवाक्यातील करून ठेवली आहे. महाग पडते ती परत आणण्याची. वाचकांपैकी कोणास त्या बाजूस जाण्याचा योग आला, तर हा सोहळा अवश्य पाहावा, टोपी व लांब बाह्यांचा सदरा न्यावा, आणि यजमानांचा आग्रह कितीही असला तरी तारीख मक्याच्या कापणीनंतरचीच ठरवावी.