भिंतीवरचा डबा

बेळगावच्या वहिनींनी हाक मारली की मी ओंजळ पुढे करूनच कंपाउंडपाशी जाते. आमच्या बेंगळुरूच्या राजाजीनगरातल्या गल्लीत अजून चार-दोन बैठी घरं तग धरून आहेत, त्यातली आमची दोन शेजारी-शेजारी, मधे छातीइतकी भिंत. त्या भिंतीवरून कधी कढीपत्ता येतो, कधी त्यांच्या भावाने आणलेला कुंदा. काल मात्र त्यांनी भिंतीवर आणून ठेवला सेटटॉप बॉक्स, वायरीसकट.

"ताई, हा डब्बा टाकून देऊ काय, सांगा बगू."

"का हो? बिघडला?"

"त्याला काय धाड भरतीय! पोरानं नवा टीव्ही आणलाय की. एसपी रोडचा दुकानदार म्हणाला, ट्यूनर आतच हाय, डब्बा आता कशाला? पोरगं खूश. म्हातारी त्याहून खूश."

म्हातारी म्हणजे त्यांच्या सासूबाई. वय ब्याऐंशी, कान तिखट, आणि दोन रिमोटांशी जुनं वैर. एक टीव्हीचा, एक डब्याचा. दोन्ही काळे, दोन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत रबरबँड लावून. आवाज एकाने वाढवायचा, चॅनल दुसऱ्याने बदलायचं. खूण पटावी म्हणून वहिनींनी डब्याच्या रिमोटला तांबडी लोकर बांधून दिली. तरी दुपारच्या झोपेतून उठल्यावर अंगठा नेमका टीव्हीच्या रिमोटवरच्या 'सोर्स'वर पडतो, पडदा निळा होतो, त्यावर 'नो सिग्नल' तरंगायला लागतं आणि सासूबाई ओरडतात, "केबलवाल्यानं तोडलं गं!" वहिनी तवा तसाच सोडून धावतात. त्या एका बटणापायी किती भाकरी करपल्या असतील, त्याचा हिशेब कोण ठेवतो.

"टाकू नका," मी म्हटलं. "आमच्याकडे मागच्या महिन्यातच हे पारायण झालंय."

आमच्या ह्यांनी टीव्ही भिंतीवरून उतरवला, पाठीमागे टॉर्च मारला. तिथे दोन भोकं असतात वहिनी. एकात वायर नुसती घुसवायची, दुसऱ्याला आटे असतात, वायर पिळून बसवायची. आट्यांचं असलं आणि माहितीच्या कागदावर 'डीव्हीबी-एस२' असलं, तर तो टीव्ही डिशच्या छत्रीची वायर थेट घेतो. आमचा घेणारा निघाला. मग काय, हे गच्चीवर, मी हॉलमध्ये, मधे फोन. "आलं का?" "नाही." "आता?" "नाही हो." छत्री आग्नेयेला, पाण्याच्या टाकीच्या वरून आभाळाकडे. दोन तास सिग्नल शून्य टक्के. शेवटी भाच्याने फोनवर विचारलं, "मामी, मेनूत एलएनबी पॉवर चालू आहे का?" कुठली चालू असायला! छत्रीपुढचा तो जो डोळा असतो ना, त्याला १३ किंवा १८ व्होल्ट लागतात, ते त्याच वायरीतून वर जातात. इतके दिवस ते काम छत्रीचा डबा गुपचूप करत होता. टीव्हीत ते बटण बंद होतं. चालू केलं, आणि पाच मिनिटांत दूरदर्शनचं सह्याद्री! पाठोपाठ कन्नड चंदना. ह्यांनी गच्चीवरून विचारलं, "आलं का?" मी बातम्या बघण्यात गुंग.

"मग झालं की! फुकट सगळं."

"फुकट ते फ्री डिशवरचं." दूरदर्शनने ते २००४च्या डिसेंबरात सुरू केलं, तेव्हा नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. छत्री नि डबा मिळून एकदा काय ते दीड-दोन हजार, मग महिन्याचं भाडं नाही. आणि ते येतं कुठून ठाऊक आहे? जीसॅट-१५ वरून. तो उपग्रह इथे आपल्या बेंगळुरूतच इस्रोने बांधला, २०१५च्या नोव्हेंबरात पार दक्षिण अमेरिकेतल्या कुरूहून उडवला, त्याची काळजी घेतात हासनला. म्हणजे हासनची माणसं सांभाळतात ती वस्तू ३६ हजार किलोमीटरवर उभी राहून तुमच्या-माझ्या गच्चीवर सह्याद्री टाकते. बेळगावपेक्षा हे मला जवळचं वाटायला लागलंय.

"ते असू दे. म्हातारीच्या मालिका?"

इथे येऊन सगळं अडतं. पैसे भरून बघायची चॅनलं कुलूप लावून येतात. ट्यूनर ती घरापर्यंत आणतो, पण किल्ली त्या डब्यातल्या कार्डात. फ्री डिशवर खाजगी मराठी चॅनलं येतात आणि जातातही. जागांचे लिलाव होतात, या वर्षी दिसलेलं पुढच्या वर्षी असेलच असं नाही. रात्री साडेआठच्या मालिकेत जीव अडकलेल्या बाईला लिलाव समजावून सांगा बघू!

"किल्ली टीव्हीतच बसवायची की मग. एवढं मोठं काय त्यात?"

वहिनींचं डोकं मंत्रालयात हवं होतं. तशी सोय आहे: टीव्हीला एक फट ठेवायची, त्यात कार्डाची चपटी पेटी सरकवायची. शिवाय औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने आपलं डीटीएच टीव्हीच्या पोटातच घालून विकलं होतं, सॅटेलाइट टीव्ही म्हणून. एक वायर, एक रिमोट. पण मग त्या एकाच घराशी सोयरीक. दूरसंचार नियामक 'ट्राय'ने २०२० मध्ये सरकारला शिफारस केली, की कंपनी बदलली तरी डबा तोच चालला पाहिजे. मोबाइलचं सिम बदलतो तसं. २०२२ मध्ये मानक ब्युरोने आत ट्यूनर असलेल्या टीव्हीसाठी मानकही काढलं. पण ते फुकटच्या चॅनलांसाठी.

"शिफारस काय करायची, ताई? आमच्या माळ्यावर तीन डब्बे हायत. तीन कंपन्यांचे. एकाचं दुसऱ्याला चालत न्हाई. एकावर मी लोणच्याची बरणी ठेवलीय."

माझ्या मते खरा संताप इथे आहे. पूर्वी केबलची वायर सरळ टीव्हीत जायची, ट्यूनर टीव्हीचा, टीव्ही आपला. मग सरकारने डिजिटल सक्तीचं केलं; बेंगळुरूला ३१ मार्च २०१३ ची मुदत होती, पुणे-सोलापूरही त्याच यादीत. आत ट्यूनर असून तो झोपला आणि वर दुसऱ्याच्या मालकीचं एक यंत्र आपल्या शोकेसमध्ये येऊन बसलं. टीव्ही बंद केला तरी त्याचा तांबडा दिवा जळत असतो. रात्री हात लावून बघा, पाठ कोमट असते. ते विजेचं बिल बेस्कॉमचं, आपल्या नावावर.

"पण डब्बा बिघडला तर डब्बा बदलतोय," वहिनी म्हणाल्या. "पोटातला ट्यूनर गेला तर अख्खा टीव्ही रिक्षात घालून न्यायचा काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहिनी बोलता बोलता मोठा मुद्दा टाकतात.

शेवटी मी त्यांना आमची तडजोड सांगितली. छत्री टीव्हीला, केबलचा डबाही टीव्हीला. दिवसभर सह्याद्री, चंदना, बातम्या, सगळं टीव्हीच्या एकाच रिमोटवर. डबा फक्त संध्याकाळी, तोही आपण लावून द्यायचा. महिन्याचा पॅक छाटून दोन-तीन मराठी चॅनलांवर आणायचा. तेही पुरतं स्वस्त होत नाही. २०१९ मध्ये तर, एक चॅनल घ्या की शंभर, जोडणीचेच १३० रुपये अधिक कर असा हिशेब बसला होता.

"आणि पोरगं म्हणतंय, इंटरनेटवरच बगूया सगळं."

"सासूबाईंना पासवर्ड सांगणार कोण?"

"व्हय, तेही खरंच."

एवढ्यात मल्लेश्वरमच्या बाजूने आभाळ काळं झालं. वळवाचा पाऊस. वहिनींनी विचारलं, ट्यूनर आत असला तर पावसात चित्र जात नाही ना? म्हटलं, छत्रीचं जातं, मग खाली डबा असो की ट्यूनर. त्या लहरींना पावसाचा थेंबच आडवा येतो.

पहिला टपोरा थेंब डब्यावरच पडला. आतून हाक आली, "केबलवाल्यानं तोडलं गं!" डबा तर इथे भिंतीवर होता. वहिनींनी झटकन तो उचलला, वायरी गोळा केल्या, पदराखाली धरला आणि धावल्या.