चमकेल ते घ्या, नाव दुकानदार ठेवेल

चमकत्या खड्यांचं ब्रेसलेट स्वतःच करायचं, असं तुम्ही मनावर घेतलंय. छान. मण्यांतलं काही कळत नाही म्हणताय? मग निम्मं काम झालंच. ज्यांना कळतं ते दुकानात जातात, माळ उन्हात धरतात, नुसतं ‘हं’ म्हणतात आणि इलास्टिकचं रीळ घेऊन घरी येतात. त्यांच्या हातात ब्रेसलेट कुणी पाहिलेलं नाही.

१. बाजार गाठा. पुण्यात असाल तर रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत असाल तर भुलेश्वर. सोबत शहाणी मैत्रीण नेऊ नका. खिळ्यांवर माळांचे झुबकेच्या झुबके लटकलेले असतील. त्यातली राखाडी, मळकट, फुटक्या शहाबादी फरशीसारखी दिसणारी माळ दुकानदार बोटांवर घेईल आणि मनगट जरासं वळवेल. एकदम निळं! मोराच्या मानेवरचं निळं. पुन्हा वळवेल, पुन्हा राखाडी. इथे तुमच्या तोंडून ‘अय्या’ निघेल. तो आवरू नका, मोठ्याने निघू द्या. भाव सांगायला दुकानदार त्याच्यासाठीच थांबलेला असतो.

२. नावं पाठ करा, अर्थ विचारू नका. त्या राखाडी माळेचं नाव लॅब्राडोराइट. तिच्या शेजारची पांढरी, आतून निळसर झाक मारणारी ती रेनबो मूनस्टोन. खनिजशास्त्राच्या हिशेबात तोही लॅब्राडोराइटच्याच कुळातला, फक्त गोरा. खरा मूनस्टोन वेगळ्या घराण्यातला. पण लग्नाच्या बाजारात गोरेपणाला जे मिळतं तेच इथेही मिळतं: नवं नाव आणि वरचा भाव. दुधी, निळसर, उजेडाकडे धरला की केशरी दिसणारा ओपलाइट म्हणजे काच. तांबूस, आत चांदण्या लुकलुकणारा गोल्डस्टोन म्हणजेही काच, आत तांब्याचे बारीक स्फटिक असलेली. आणि साबणाच्या फुग्यासारखे सगळे रंग एकदम दाखवणारा ऑरा क्वार्ट्झ? तो खरा क्वार्ट्झ, वरून धातूच्या वाफेचा मुलामा दिलेला. मणी मण्यावर घासून भोकाजवळचा मुलामा उडाला की आतला साधा पांढरा डोळा बाहेर बघू लागतो.

मूनस्टोनला आपल्याकडे चंद्रकांत मणी म्हणतात. चांदण्यात तो पाझरतो, असं संस्कृत कवी सांगून गेलेत. तुमचा पाझरला तर रंग आहे, दुकान बदला.

३. परीक्षा घेऊ नका. निकाल वाईट लागतो. मणी गालाला लावू नका: दगड गार लागतो आणि गारच राहतो, काच लवकर कोमट होते. भिंगातून बघू नका, आत गोल बुडबुडा दिसेल. सगळे मणी एकसारखे, डाग ना रेघ, असे असतील तर ‘वा, काय सफाई आहे’ म्हणा आणि पुढे चला. निसर्गाला इतकी सफाई कधी जमलेली नाही, हे त्या दिवसापुरतं विसरा.

लॅब्राडोराइटची चमक मुळात आहे तरी काय, असा प्रश्न पडला तर तो गिळा. उत्तर रसभंग करणारं आहे. दगडाच्या आत दोन प्रकारच्या घटकांचे अतिशय पातळ थर आलटून पालटून असतात. त्यांच्यावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि थरांच्या जाडीप्रमाणे निळा, हिरवा, सोनेरी रंग दिसतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९५० साली जयरामन या सहकाऱ्यासोबत याच दगडाच्या याच चमकीवर शोधनिबंध लिहिला. खडे जमवायचा त्यांना नाद होता. रास विचारल्याची नोंद नाही.

या थरांची आणखी एक खोड आहे. ते सपाट आणि मणी गोल. त्यामुळे मण्याच्या एखाद्याच अंगाला चमक येते, आणि भोक पाडणाऱ्याने नेमकं तिथेच भोक पाडलेलं असू शकतं. तेवीस मण्यांचं ब्रेसलेट हातात घातलं की एका वेळी चार-पाच पेटतात, बाकीचे नुसते सोबतीला. घाबरू नका. बोलताना हात हलवत राहायची सवय लावून घ्या.

४. कारण शोधून ठेवा. ‘सुंदर दिसलं म्हणून घेतलं’ हे घरात चालत नाही. ‘नजर लागत नाही’, ‘मन शांत राहतं’, ‘प्रमोशन होतं’ यातलं एक निवडा. दुकानदार म्हणेल, आपल्याकडे पुरातन काळापासून वापरतात. मान डोलवा. लॅब्राडोराइट युरोपला कळला तो १७७० च्या सुमारास, कॅनडातल्या लॅब्राडोरच्या थंडगार किनाऱ्यावरून, मिशनऱ्यांच्या मार्फत. आपल्या नवरत्नांत माणकापासून लसण्यापर्यंत नऊच्या नऊ ग्रहांच्या जागा कधीच भरल्यात. या बिचाऱ्याला वेटिंग लिस्टवरही घेतलेलं नाही.

५. मोजमाप. मनगट सोळा सेंटिमीटर असेल तर आठ मिलिमीटरचे तेवीस मणी बसतात. पंधरा इंची माळेत साधारण सत्तेचाळीस. म्हणजे दोन ब्रेसलेटं आणि एक मणी शिल्लक. कुणीतरी सांगेल, एकवीसच शुभ. मग मनगटावर वळ उठतील. कुणी सांगेल, सत्तावीस नक्षत्रं, सत्तावीस मणी. मग कणीक मळताना ब्रेसलेट परातीत. नक्षत्रांनी मनगट मोजलेलं नसतं, त्यांना तरी काय बोलणार!

६. ओवणं. इलास्टिक आधी ताणून घ्यायचं असतं, नाहीतर आठवड्यात सैल पडतं. गाठ दुहेरी वेढ्याची मारायची, वर गोंदाचा थेंब, आणि ती मोठ्या भोकाच्या मण्यात लपवायची. हा सगळा वेळखाऊ प्रकार टाळून मी साधी गाठ मारली होती.

ते ब्रेसलेट हळदीकुंकवाला तुटलं. मी वाण देत होते, समोरच्या काकू ‘अगंबाई, हे कुठलं गं?’ म्हणून हात पुढे करत होत्या, आणि टण्णकन आवाज झाला. मणी तिळगुळाच्या ताटात, सतरंजीखाली, चपलांत. सगळ्या बायका ओणव्या. कुणी कौतुकाने एकेक आणून देत होतं, कुणी देता देता उजेडात धरून निरखत होतं. एक मणी फरशीवर आपटून दुभंगला होता. तो शोधणाऱ्या आजींनी चष्मा वर केला, आत पाहिलं आणि माझ्या तळहातावर ठेवत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाल्या, “बुडबुडा आहे गं बाई आत.”

रेनबो मूनस्टोन म्हणून घेतलेली माळ होती ती.

तेवीसपैकी एकवीस त्या संध्याकाळी मिळाले, त्या दुभंगलेल्यासकट. बाविसावा दिवाळीच्या साफसफाईत सापडला. तेविसावा फ्रिजखाली आहे. मोबाइलची बॅटरी लावून वाकलं की अजून निळा दिसतो.