आत्या घरी आहेत का?

बऱ्याच वर्षांनी म्हाताऱ्या नातेवाइकांना भेटायला निघालेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र असतं. ओसरी, ओसरीवर आरामखुर्ची आणि तीत रस्त्याकडे डोळे लावून बसलेली एक कृश मूर्ती. आपण वाकून नमस्कार करायचा, मूर्तीने तोंडावरून हात फिरवत "झाली बाबा आठवण!" म्हणायचं, आपण कामाच्या व्यापाचं गाऱ्हाणं गायचं, मग दोन्ही बाजूंनी थोडं डोळे पुसणं. या चित्राला शोभेलसं सामानही आपण बरोबर नेतो: सफरचंदं, प्रोटीन पावडरचा डबा, गुडघ्याचे पट्टे.

हे चित्र आता मोडीत निघालं आहे, आणि ते मोडलंय एसटीने. ऑगस्ट 2022 मध्ये महाराष्ट्रात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला. योजनेचं सरकारी नाव 'अमृत ज्येष्ठ नागरिक'. तेव्हापासून घरोघरी एक नवीन नातेवाईक तयार झाली. तिला आपण अमृतआत्या म्हणू. कुणाकडे ती मावशी असते, कुणाकडे थोरली काकू. अमृतकाकाही असतात, नाही असं नाही. पण त्यांना स्टँडवर कुणीतरी राजकारणावर बोलणारा भेटतो आणि गाडी निघून जाते.

अमृतआत्याची पहिली खूण म्हणजे ती घरी नसते. न कळवता गेलेल्याला दाराला कुलूप दिसतं. "आत्या घरी आहेत का?" असं शेजारी विचारलं, तर शेजारीण आपल्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघते आणि म्हणते, "आज गुरुवार ना? औदुंबर."

आमची आत्या वाईची. आधारकार्डावर तिची जन्मतारीख आहे 1 जून 1948. खरी कोजागिरीच्या आसपासची. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी, त्या पिढीतल्या असंख्य पोरांची लिहिली तशी, 1 जून लिहून टाकली. एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटली तीही नेमकी 1 जून 1948 लाच. आत्या याला योगायोग मानत नाही. "आम्ही दोघी एका दिवसाच्या," असं ती सांगते, आणि वर, "तिचे पत्रे वाजतात, माझं अजून काही वाजत नाही." पासष्टीपासून ती अर्ध्या तिकिटावर होतीच, पण अर्ध्यात तिचं मन रमत नव्हतं. 2023 चा 1 जून उजाडला आणि गुरुजींनी आगाऊ दिलेले चार महिने वसूल करायला ती सकाळच्या पहिल्या गाडीत चढली. संध्याकाळी मी शुभेच्छांचा फोन केला. "वाढदिवसाला काय केलंस?" "सातारा केला."

त्याआधीची साठ-सत्तर वर्षं तिचा प्रवास म्हणजे बाळंतपणं, मुंजी आणि तेरावे. निघायला कारण लागे, कारणाला काकांची परवानगी आणि परवानगीला सुटे पैसे. एरवी ती स्टँडवर जायची ती पाहुण्यांना पोचवायला. आता सातारा जिल्ह्यातल्या बऱ्याच गाड्यांचं वेळापत्रक तिला तोंडपाठ आहे. साधी लाल गाडी तिला पसंत. शिवशाहीवर तिचा राग आहे, कारण खिडकी उघडत नाही आणि खिडकी उघडत नसेल तर भुईमुगाच्या शेंगांची टरफलं टाकायची कुठे? तक्रार म्हणाल तर एकच. गाणगापूरला जाताना राज्याची हद्द ओलांडली की कंडक्टर पैसे मागतो. "वाडी इकडे, औदुंबर इकडे. दत्तमहाराजांनी हाही मुक्काम थोडा अलीकडे केला असता तर काय बिघडलं असतं?"

तर अशा आत्याला भेटायचं आम्ही उभयतांनी एकदाचं मनावर घेतलं. फोन केला. "आत्या, या रविवारी येतोय आम्ही." पलीकडून हुंदका येईल अशी माझी अपेक्षा होती. आली ती कागद उलटल्याची फडफड. आत्या कालनिर्णय बघत होती. "रविवारी फलटणला डोहाळजेवण आहे. सोमवारी गोंदवलं. शनिवारी ये. दहा ते बारा आहे मी."

खंबाटकी घाटात एक ट्रक आडवा झाला होता, त्यामुळे आम्हाला पोचायला सव्वादहा वाजले. आत्या दारातच उभी होती. पाचवारीखाली पांढरे स्पोर्ट्सचे बूट, हातात घड्याळ. तोंडावरून हात फिरवायच्या आधी तिने घड्याळाकडे पाहिलं आणि पोह्यांवरचं ताट काढलं. "खा. गरम होते."

मग चौकशी सुरू झाली. ती मी करायची असं घरून ठरवून निघालो होतो.

"मानेला पट्टा कसला?"

"कम्प्युटरपुढे बसून मान धरते."

"आणि ती गोळी?"

"बीपीची."

"वय काय रे तुझं आता?"

"बावन्न."

"अरेरे!" आत्या म्हणाली. हे 'अरेरे' वास्तविक मी आणलेलं होतं. ते तिने माझ्या आधी वापरून टाकलं.

मी घाईघाईने गुडघ्याचे पट्टे पुढे केले. आत्याला मनापासून आनंद झाला. "बरं झालं आणलेस! शेजारच्या सुनेचे गुडघे गेलेत. चाळिशीचीच आहे बिचारी." बायकोने विचारलं, "आत्या, मागे पाठवलेली चार पायांची काठी वापरता ना?" "रोज वापरते! तिच्याशिवाय माझं पान हलत नाही." बायकोने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. आत्या पुढे सांगू लागली, "जागा धरायला लोक खिडकीतून रुमाल टाकतात, तो कुणीही उचलून टाकतं. काठी आत घातली की सीटवर चारी पायांवर उभी राहते. कुणाची बिशाद आहे हलवायची!"

पोहे संपेपर्यंत आत्याने कुळाचा अहवाल सादर केला. कराडच्या नणंदेने वरचा मजला चढवला. सांगलीच्या जावेची सून नोकरी सोडून केक करते. केक बरे असतात, हिशोब कच्चा आहे. पुण्यात माझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहणाऱ्या चुलतभावाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, हे मला वाईत कळलं. त्याला बघून आत्या परत आलीही होती. "मग आमच्याकडे का नाही आलीस?" असं मी दुखावून विचारलं. "फोन केला होता. तू मीटिंगमध्ये होतास. स्वारगेटपर्यंत सरकार आणतं रे, पुढे भाचे-पुतणे लागतात."

आमच्या व्हॉट्सअॅपच्या कुटुंबगटात पन्नासेक माणसं आहेत. रोज सकाळी सगळे एकमेकांना फुलं पाठवतात. कुणाचं काय चाललंय ते मात्र आत्यालाच ठाऊक असतं, कारण ती जाऊन बघते. आपण म्हाताऱ्या माणसांना धरून ठेवायला निघतो; आणि गावोगावच्या आपल्या सगळ्यांना ही बाई शून्य रुपयांच्या तिकिटावर धरून ठेवते. ती तिकिटंही ती फेकत नाही. गुरुचरित्रात खुणेला घालते.

पावणेबाराला आत्याने पिशवी खांद्याला लावली. तीत आधारकार्डाचा बटवा, आवळासुपारी, पाण्याची बाटली, डोहाळजेवणाचे खण-नारळ आणि आम्ही आणलेल्यांपैकी चार सफरचंदं. "गाडीने सोडतो ना फलटणला," मी म्हणालो. "नको. तुमच्या गाडीत बोलायला माणसं किती? दोन. स्टँडपर्यंत सोड."

स्टँडवर कंडक्टरने लांबूनच हाक मारली, "आजी, आज कुठं?"

"फलटण. कार्ड दाखवू?"

"राहू द्या. तुमची जन्मतारीख पाठ झालीय मला."

मशीनमधून शून्याचं तिकीट निघालं. काठीने जागा आधीच धरली होती. आम्ही खिडकीखाली उभे राहिलो. एवढ्या वर्षांनी भेटायचं आणि ते जेमतेम दीड तास, म्हणून मला भरून आलं. "आत्या, आता लवकर येतो पुन्हा."

आत्याने खिडकीतून हिशोब विचारला. पेट्रोल किती लागलं? खेड शिवापूरला टोल किती? जाताना पुन्हा तेवढाच? मी सांगत गेलो, तसतसा तिचा चेहरा गंभीर होत गेला.

"तू नको येऊस," ती ठामपणे म्हणाली. "तुला फार महाग पडतं. मीच येईन." गाडी सुरू झाली तशी तिने बायकोकडे बोट केलं. "वाटलं तर हिला धाड एकटीला. बायकांना अर्धं तिकीट आहे."