अस्संच हवं

नाशिकला समुद्र नाही. पाणी म्हणजे गोदावरी, आणि ते किती चढलं याचं माप म्हणजे दुतोंड्या मारुती : गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. तरीही इथल्या दवाखान्यांत बाकासमोरच्या भिंतीवर जहाज असतंच. शिडं फुगलेली, लाटा उसळलेल्या. दाढ ठणकणाऱ्या माणसाने त्यातून कसला धीर घ्यायचा, कोण जाणे.

मला आवडतात ती नुकत्याच पाण्यात उतरलेल्या जहाजांची जुनी चित्रं. डोलकाठ्या चढलेल्या नसतात, तात्पुरत्या काठ्यांवर मोठाले झेंडे तेवढे फडकत असतात. पोटात तोफा नाहीत की रसद नाही, त्यामुळे जहाज पाण्यावर भलतंच उंच आणि जरा बावळट दिसतं. काठावरचे साहेब टोप्या हलवतात. ज्यांनी ते बांधलं ते सुतार बहुधा चित्राबाहेरच.

मुंबईच्या गोदीतून २ मे १८१३ रोजी ‘कॉर्नवॉलिस’ असंच पाण्यात उतरलं. सागवानी, ७४ तोफांचं, जमशेटजी बमनजी वाडियांच्या हातचं. पुढचं ‘वेलस्ली’ बांधायचं होतं वेगळ्या आराखड्यावर. पण विलायतेहून ते नकाशे आणणाऱ्या ‘जावा’ला डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने गाठलं. ‘जावा’ इतकं मोडलं, की जिंकणाऱ्यांनीच ते पेटवून दिलं. नकाशे गेले. मग वाडियांनी नव्या कोऱ्या ‘कॉर्नवॉलिस’च्याच घाटावर दुसरं उभं केलं. शेजाऱ्यांचं कपाट दाखवून आपण सुताराला “अस्संच हवं” म्हणतो, त्यातला प्रकार. फक्त आपल्या कपाटाचं दार पहिल्याच पावसात फुगून बसतं. १८१५ साली उतरलेलं ‘वेलस्ली’ मात्र १९४० पर्यंत तरंगत होतं. तेव्हाही लाकूड कुजलं नव्हतं. टेम्स नदीत नांगरलेलं असताना जर्मन विमानांनी घात केला.

त्याच ‘जावा’वर सेनाधिकारी टॉमस हिस्लॉपही मुंबईला निघाले होते. पकडले गेले, सुटले, यथावकाश हिंदुस्थानात पोहोचले आणि डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला त्यांनी होळकरांचा पराभव केला. पाठोपाठ आमच्या जिल्ह्यातलं होळकरांचं चांदवड इंग्रजांकडे गेलं. नकाशे सुखरूप पोहोचून साहेबच ब्राझीलमध्ये रमले असते, तर नाशिककरांची काहीएक हरकत नव्हती.