हशासाठी राखीव जागा

जुने बोलपट बघतो म्हटलं की लोक आदराने बघतात. त्यांच्या डोळ्यांसमोर ‘प्रभात’ची तुतारी वाजते. मग मी व्हीलर आणि वूल्झी या विनोदी जोडीचं नाव घेतो आणि आदर आला तसा जातो. बर्ट व्हीलर म्हणजे चाळिशीला टेकलेला कुरळ्या केसांचा बाळ्या. रॉबर्ट वूल्झी म्हणजे गोल चष्मा, सिगार आणि अखंड टकळी. 1929 ते 1937 या काळात दोघांनी वीसेक चित्रपट केले, बहुतेक ‘आरकेओ’ स्टुडिओसाठी. 1938मध्ये वूल्झी गेला आणि जगाने दोघांनाही विसरून टाकलं.

आवाज तेव्हा नवा होता आणि सगळे त्याला टरकून असत. कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये शिरू नये म्हणून कॅमेरामनला यंत्रासकट बंद खोक्यात कोंडत; आत बिचारा घामाने निथळायचा. मार्क्स बंधूंच्या ‘द कोकोनट्स’मध्ये (1929) नकाशाचा कागद माइकवर कडाडू लागला, म्हणून तो चक्क भिजवला. पडद्यावर तो फडक्यासारखा लोंबतो आणि ग्राउचो त्यावर गंभीरपणे बोट ठेवून बोलतो. त्या ओल्या नकाशावर माझा जीव आहे.

खरी मजा मात्र विनोद झाल्यानंतरची. ही मंडळी रंगभूमीवरून आलेली, वाक्य टाकलं की हशासाठी थांबायची सवय. पुढचं वाक्य बुडू नये म्हणून पडद्यावरही थांबतात. हसणारं थिएटर केव्हाच उठून गेलं. हे मात्र अजून थांबलेत. रात्री साडेअकराला, हेडफोन लावून, ती जागा भरायची जबाबदारी एकट्या माझ्यावर येते. विनोद फुसका असला तरी मी हसतो. पाहुणा ताटकळत उभा असताना तोंड फिरवणं आपल्याकडे बसत नाही. बायको कूस बदलून म्हणते, “इतकं काय आहे त्यात?” विनोद सांगितला तर आणखीच अवघड होईल, म्हणून गप्प राहतो.

‘डिप्लोमॅनिअॅक्स’ (1933) घ्या. जिथे कुणाला दाढीच येत नाही अशा आदिवासींच्या वस्तीत दोघे न्हावी दुकान थाटतात आणि तिथून थेट जिनिव्हाच्या शांतता परिषदेला प्रतिनिधी म्हणून जातात. आजच्या परिषदा पाहता निवड वाईट नव्हती. मध्येच बॉम्ब फुटतो, सगळ्यांची तोंडं काळी होतात आणि परिषद कृष्णवर्णीयांची नक्कल करत नाचू लागते. तिथे मी हसायचं कंत्राट सोडतो.

एका मित्राला हा चित्रपट पाठवला. म्हणाला, “ही तर ‘डक सूप’ची कॉपी.” मार्क्स बंधूंचा ‘डक सूप’ त्याच वर्षी, पण काही महिन्यांनंतर आला. खलनायक लुई कॅल्हर्न दोन्हीकडे तोच. एवढं सांगून मी हशासाठी थांबलो. अजून उत्तर नाही.