वाडा पाडायला पैसा मिळतो

चोपड्याच्या जुन्या गावात वाडा विकायला निघाला की घेणारा जागा नंतर बघतो, आधी खांब मोजतो. सातपुड्याच्या सागाचे खांब, कोरलेले हस्त, पितळी फुल्यांची दारं. लाकूड ट्रकात चढतं, मातीचा ढिगारा मागे राहतो आणि वर्षभरात तिथे स्लॅब पडतो. मालकाला दोष देणं सोपं आहे. मी तो देणार नाही.

हे वाडे धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, आणि धाब्याचं घर दरवर्षी हात मागतं. मृगाच्या आत धाब्यावर खारी माती टाकायची, ढाळ धरून चोपायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. एक वर्ष चुकलं की पाणी कडीपाटात मुरतं. पुढच्या वर्षी उधई तुळईला लागते, त्यानंतर माडीवर पाय ठेवायची भीती वाटते. मग कुणीतरी सल्ला देतं, सिमेंटचा गिलावा मारून घ्या. मातीच्या भिंतीला याहून वाईट औषध नाही. आत कोंडलेली ओल भिंत भुसभुशीत करते आणि एखाद्या झडीत ती बसते. मातीकाम जाणणारे गवंडी म्हातारे झाले, त्यांची पोरं सेंट्रिंगच्या कामाला लागली. दुरुस्ती महागली ती इथे.

मालक अनुदान शोधायला निघतो तेव्हा काय दिसतं? राज्याची स्मारक संगोपन योजना आहे, नळदुर्गासारखा किल्ला त्यातून सांभाळायला दिला गेला. पण ती राज्य संरक्षित स्मारकांसाठी. जिल्हा वार्षिक योजनेतला 3 टक्के निधी गड-किल्ले, मंदिरं आणि संरक्षित स्मारकांना. केंद्राचा राष्ट्रीय संस्कृती निधी 1996 पासून आहे, तोही मुख्यतः संरक्षित वास्तूंभोवती फिरतो. राहत्या, खाजगी, मातीच्या वाड्याला या रांगेत जागाच नाही.

एक पैसा मात्र मिळतो, आणि तो पाडायला मिळतो. घरकुल योजनेच्या लेखी मातीच्या भिंतीचं घर म्हणजे कच्चं घर. वाटणीत वाड्याचे दोन खण आलेल्या गरीब भावाला शहरी योजनेत केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख मिळू शकतात. त्यासाठी त्याने माती उतरवून विटा-सिमेंट उभं करायचं. त्याला घरकुल मिळालंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच भावाने तेच दोन खण, उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांतही गार राहणारे, नीट करून राहायचं ठरवलं, तर शासनाने त्याला रिकाम्या हाताने का परत पाठवावं?

मोठं नाव असलं की घर वाचतं. जुन्या जळगावातला कवयित्री बहिणाबाईंचा चौधरी वाडा आज संग्रहालय आहे, कारण जैन उद्योगसमूहाने पुढाकार घेतला. चाळीसगावला केकी मूस यांचं घर त्यांच्या कलेसह जपलं गेलं. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असताना लंडनला ज्या घरात राहिले, ते राज्य सरकारने 2015 मध्ये विकत घेतलं. तिन्ही ठिकाणी योग्यच झालं. चोपडा शिवकाळात खानदेशातली मोठी बाजारपेठ होती, 1679 मध्ये मराठी फौजांनी धरणगावाबरोबर तीही लुटली, इतकी ती भरलेली होती. पण त्या पेठेच्या वारशातले वाडे व्यापाऱ्यांचे, शेतकऱ्यांचे, सराफांचे. त्यांच्यात कुणी कवयित्री नव्हती. म्हणून ते पडू द्यायचे?

दुसरीकडे वाटा निघाल्या आहेत. मुंबईने 1995 मध्ये वारसा नियमावली केली आणि मालकाला टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, दिला. पण टीडीआरला बाजार लागतो, चोपड्यात तो घेणार कोण? आपल्याला नेदरलँड्सची रीत जवळची आहे. तिथे 1985 पासून एक राष्ट्रीय निधी जुन्या घरांच्या मालकांना कमी व्याजाने कर्ज देतो, आणि फेडीचा पैसा पुढच्या घराला जातो. शेजारच्या गुजरातने 2020 च्या धोरणात 1950 पूर्वीच्या वास्तूंमध्ये हॉटेल, संग्रहालय करणाऱ्याला सवलती दिल्या. आपण घरात राहणाऱ्याला द्याव्यात. पाहुण्यांची सोय केली तर वाडा जगावा आणि घरच्यांनी राहिलं तर मरावा, हे मला पटत नाही.

सुरुवात पैशाने होत नाही, यादीने होते. 2020 ची एकत्रित विकास नियमावली आपल्या नगरपरिषदेलाही लागू आहे आणि वारसा वास्तूंची यादी करायची सोय तिच्यात आहे. यादीत नाव नसेल तर कुठल्याही निधीचा अर्ज पहिल्याच टेबलावर अडतो. दुसरा अडसर घरातला आहे. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव, आणि वारस सुरत, पुणे, नाशिकला पांगलेले. सगळ्यांच्या सह्यांशिवाय कर्ज नाही, अनुदान नाही, खारी टाकायला वर्गणीसुद्धा नाही. तेव्हा वारस नोंदी आधी लावून घ्या.

नगरपरिषदेने यंदा वाड्यांची यादी करावी, राहत्या वाड्याला घरपट्टीत सूट द्यावी आणि धाब्याच्या डागडुजीसाठी अर्थसंकल्पात एक वेगळं लेखाशीर्ष उघडावं. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती मृगाच्या आत हातात पडली पाहिजे. आणि ज्यांचे वाडे अजून उभे आहेत त्यांना हात जोडून सांगणं आहे, यादी होईपर्यंत खांब विकू नका.