नीडफुल काका

आमच्या अंजनगाव सुर्जीत त्यांचं खरं नाव पोस्टमनलाही आठवावं लागतं. हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. खिशात दोन पेनं, निळं स्वतःच्या लिहिण्याला, लाल दुसऱ्याच्या. टपरीवर कुणी लग्नपत्रिका दाखवायला दिली तरी तपासून परत करतात. ‘रिटर्न बॅक’ म्हणणाऱ्या पोराला विचारतात, "रिटर्न म्हंजेच वापस. वापस वापस कितीक डाव येशीन बे?"

स्वतःचं मात्र एकच लाडकं वाक्य, ‘काइंडली डू द नीडफुल’. म्हणजे, जे गरजेचं असेल ते करावं. कोणतं, ते सांगायचं नाही. साहेबाला काम सांगणं हा उद्धटपणा, असं काकांचं मत.

एका उन्हाळ्यात पानपिंपरीवाल्या शेतकऱ्याची विजेची डीपी जळाली. काकांनी अर्ज लिहून दिला. त्यात ‘सन्माननीय’ आलं, ‘आपला आज्ञाधारक’ आलं, ‘नीडफुल’ तर दोनदा आलं. डीपी तेवढी आली नाही. "लेटरमंदी शोभत नाई थे," काका म्हणाले. अर्ज वरच्या ऑफिसातून खालच्या ऑफिसात उतरला, समासात शेरा, ‘फॉर नीडफुल’. खालच्या बाबूनं आवक नंबर टाकून तो फायलीला लावला. त्याच्या लेखी तेच नीडफुल. इकडे पाण्याविना वेल माना टाकायला लागले, तेव्हा शेतकऱ्यानं वायरमनला गाठलं, "भाऊ, डीपी जळाली" म्हणाला आणि मोटरसायकलवर बसवूनच आणला. श्रेय अर्थात अर्जाला गेलं.

पुण्याहून आलेला पुतण्या म्हणाला, "काका, इंग्लंडात एके काळी हे चालायचं. आता तिथं कुणी असं लिहीत नाही. आपल्याच ऑफिसांत उरलंय."

"त्याईनं सोडलं म्हून आपुन सोडाव काय? शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन 1994 लोक चालवलंच ना आपुन!"

मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, 30 डिसेंबर 1803 ला आपल्याच गावी दौलतराव शिंद्यांचा वेलस्लीशी तह झाला. गोऱ्यांनी दुआब, दिल्ली, आग्रा, भडोच, नगरचा किल्ला, सारं नावानिशी लिहून घेतलं. नुसतं ‘नीडफुल करावं’ एवढंच लिहिलं असतं, तर दिल्ली अजून फायलीतच राहिली असती."

काका चहाचा घोट घेऊन म्हणाले, "तेच तं! अदब कुठी होती त्यायले?"

या घरात इंग्रजीचं भूत नसलेल्या एकट्या काकूच. संध्याकाळी त्या कापडी पिशवी पुढे करतात. "जा, नीडफुल करून या." पिशवीत चिठ्ठी असते: मेथी एक जुडी, अद्रक पावभर, वापस येतानी पिठाचा डबा. काका मुकाट्यानं चपला घालतात.

त्या चिठ्ठीवर लाल पेन चाललेलं अजून कुणी पाहिलेलं नाही.